रूम टोन

एप्रिलच्या एकोणतीस तारखेला, इतवारीत,
बावणकरांच्या कूलरच्या दुकानात
मी सगळे कूलर बंद करायला लावले.

सोळा होते.
शेवटचं पातं थांबेपर्यंत बावणकर माझ्याकडे असे बघत राहिले
जसं ऐन पंगतीत कोणी चूल विझवायला सांगावं.
"जाहिरात कूलरचीच आहे नं, बाई?"
हो जी.
पण माइकला तुमच्यापेक्षा कूलरच जास्त ऐकू येतो.

बाहेर सेहेचाळीस.
आत कोणी मोजलं नाही.

आत्याला अजून कळलेलं नाही मी काय करते.
कॅमेरा पकडते का? नाही, तो प्रज्वल पकडतो.
पैसे लावते का? कुठले पैसे, आत्या.
"मंग काय करून राहिली तू तीन वर्षांपासून?"

शेजारच्या वेल्डिंगवाल्याला पन्नास रुपये दिले,
अर्धा तास ठिणगी पाडू नको म्हणून.
सीताबर्डीत आधार कार्ड गहाण ठेवून ट्रायपॉड आणला.
आठ जणांचे पोहे, त्यातले एक बिनतर्रीचे,
पंकजला ॲसिडिटी आहे.
धरमपेठच्या क्लासवाल्याला फोन,
त्याचे चाळीस हजार दिवाळीपासून
"उद्या टाकतो"मध्ये अडकलेत.
आणि "गॅरंटी" हा शब्द बावणकरांना नीट म्हणता यावा म्हणून
अकरा वेळा त्यांच्याआधी मी म्हटला.

पुण्याहून श्वेतलचा मेसेज, नेहमीचा:
कधी येतेस इकडे?
उत्तर टाइप केलं, खोडलं.
बॅटरी संपत आली होती.
माझी नाही, कॅमेऱ्याची.
दुसरी घरीच राहिली होती, चार्जरला.

ती बाबा घेऊन आले, मानकापूरहून, स्कूटरवर,
तोंडाला दुपट्टा, फक्त डोळे उघडे.
एकतीस वर्षं कोराडीला टर्बाइनशेजारी.
डावा कान तिथंच ठेवून आले.
बॅटरी दिली, आणि जा म्हटलं तरी गेले नाहीत,
कोपऱ्यात एका खोक्यावर बसले
परीक्षेच्या हॉलबाहेर बसतात तसे.

चार वाजता शेवटचा शॉट झाला.
सगळे पंख्याच्या बटणाकडे धावले
आणि मी म्हटलं, थांबा.
आता तीस सेकंद कोणी बोलू नका, हलू नका.

बावणकर पटकन उभे राहिले, हात जोडून.
हळूच विचारलं, "कोण गेलं?"
कोणी नाही काका. खोलीचा आवाज घेतोय.
"खोलीले आवाज असते?"
असतो.

मग तीस सेकंद.
कुठल्यातरी टाकीत पाणी ठिबकत होतं.
रस्त्यावर हातगाडीचं चाक कुरकुरत गेलं.
प्रज्वलच्या नाकावरचा थेंब पडतो की नाही
हे मी इतकं लक्ष देऊन पाहिलं
की मोजायचं विसरले.
पंकजनं अंगठा दाखवला.

रात्री दोन वाजता, टाइमलाइनवर,
बावणकर "दोन वर्षांची" आणि "गॅरंटी" यांच्यामध्ये खोकले.
खोकला कापला.
तिथं भोक पडलं, नुसतं काळं मौन, फोन कटल्यासारखं.
तेवढ्यात त्या तीस सेकंदांतला दीड सेकंद शिवला.
हेडफोनमध्ये, पाण्याच्या ठिबकीमागे,
एक बारीक शिट्टी वाजणारा श्वास होता.
तो मी ओळखते.
दहावीत, रात्रपाळीहून आल्यावर,
भिंतीपलीकडून तो ऐकतच अभ्यास केला.

सकाळी बाबांनी व्हिडिओ पाहिला, बावन्न सेकंद.
"बावणकर बरा दिसते. मी कुठं नाही दिसलो."
दिसत नाही तुम्ही. गॅरंटीच्या आधी आहात.
त्यांनी फोन उजव्या कानाला लावला,
डोळे मिटले.
"इथं तर काहीच नाही."
हो, म्हटलं, तेच.

त्यांनी परत लावलं.
मी पोळी खाऊन निघाले,
ट्रायपॉड दहाच्या आत परत करायचा होता,
आणि जिन्यात उतरेपर्यंत मला मागून ऐकू येत होतं:
दोन वर्षांची, गॅरंटी.
दोन वर्षांची,